१२ दिवस, ११ मुक्काम: आई-बाबांना घेऊन आउटबॅकमध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सिडनीत राहता, जुलैमध्ये नाशिकहून आई-बाबा येताहेत, वयं ६६ आणि ७०. ऑपेरा हाउसपलीकडचा ऑस्ट्रेलिया, म्हणजे आतला कोरडा, विरळ वस्तीचा आउटबॅक, त्यांना दाखवायचाय. हातात १२ दिवस, भाड्याची गाडी, आणि चालवणारे तुम्ही एकटेच, कारण बायकोला अजून हायवेची सवय नाही. बेत सिडनी, ब्रोकन हिल, कूबर पेडी, उलुरू, मग ॲडलेडला गाडी सोडून विमानानं परत. 'वाटेतली छोटी गावं निवांत बघत जाऊ' असं लिहिलंय, आणि शेवटी तीन शंका: सेडान चालेल का, शाकाहारी जेवण मिळेल का, आणि या गावांमध्ये बघायला नेमकं आहे तरी काय?

पहिल्या दोन शंका सोप्या आहेत, त्यांच्याकडे येतेच. खरी गोम तिसऱ्या शंकेत आणि त्या 'निवांत' शब्दात आहे. तुम्ही ठिपके जोडलेत, उरलेल्या वेळात गावं बघू असं धरलंय. उरलेला वेळ अशी गोष्ट या बेतात कुठेच नाही.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मूळची मिरजेची, गेली १७ वर्षं ॲडलेडला. फार्मसिस्ट आहे, तीही बदलीवरची. गावातल्या एकुलत्या एका औषधदुकानाचा मालक सुट्टीवर निघाला की दोन-तीन आठवडे त्याचं दुकान सांभाळायला मी जाते. साउथ ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग माझ्या वाट्याला जास्त आला. त्यामुळे ही गावं मी पर्यटक म्हणून कमी आणि काउंटरमागून जास्त बघितली आहेत. सुट्टीत आईला, नंतर सासू-सासऱ्यांना घेऊनही याच रस्त्यांवर फिरले.

आता हिशेब. सिडनी ते ब्रोकन हिल साधारण १,१५० किमी. तिथून पोर्ट ऑगस्टा ४००च्या वर, पुढे कूबर पेडी ५४०, उलुरू आणखी ७३०च्या आसपास, आणि उलुरूहून ॲडलेड जवळजवळ १,६००. बेरीज ४,४०० किमी. १२ने भागलं तर रोजचे ३७०. ऐकायला फार वाटत नाही, पण यात एकही दिवस थांबण्याचा नाही आणि चालक एकच. शिवाय जुलै म्हणजे इथला हिवाळा. ब्रोकन हिलला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. उजाडताना आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्याकडेला चरायला येतात, म्हणून सकाळी साडेआठच्या आधी निघायचं नाही आणि दुपारी साडेचारला गाडी मुक्कामाला लागलेली हवी. हा नियम मी पुस्तकात वाचून शिकले नाही.

इथलं माझं दुसरं वर्ष होतं. निंगनहून कोबारला चालले होते, सव्वापाच वाजलेले, कोबार ३० किमीवर. आलंच आता, म्हणून वेग कमी केला नाही. डावीकडून काहीतरी करड्या रंगाचं उसळलं आणि धाडकन आवाज झाला. रेडिएटर फुटून हिरवं पाणी डांबरावर पसरलं. मागून आलेल्या एका रस्ताकामगारानं गाडी थांबवली, टॉर्च घेतली आणि माझ्याकडे यायच्या आधी तो मेलेल्या कांगारूकडे गेला. मादी असेल तर पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून बघतात. नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, लागलं नाही ना? गाडीचा भाग यायला नऊ दिवस लागले. एका माणसाला नऊ दिवस अडकणं परवडतं. विमानाची तिकिटं काढलेल्या आई-बाबांना नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर दोन नावं खोडली असती. पहिलं उलुरू, वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक. न बघण्यासारखं आहे म्हणून नाही; उलट तिथं दोन रात्री निवांत राहावं. पण सिडनीहून तिथं थेट विमान जातं, तेव्हा ती सहल वेगळी करा. दुसरं कूबर पेडी. तिथं जायचं ते जमिनीखालची घरं आणि ओपल या रत्नासाठी, आणि तुमच्या वाटेवरच त्याचा धाकटा भाऊ आहे: व्हाइट क्लिफ्स. विलकॅनियाहून उत्तरेला ९५ किमीच्या आत, रस्ता डांबरी. ऑस्ट्रेलियातल्या ओपलच्या धंद्यानं खरा जोर धरला तो १८९०च्या सुमारास तिथूनच. माळरानभर उंदरानं बिळं पोखरावीत तसे खाणींचे खड्डे आणि बाजूला पांढऱ्या मातीचे ढीग. उन्हाळ्यातल्या काहिलीपासून वाचायला लोकांनी टेकडीच्या पोटात घरं कोरली, आणि तसंच एक मोटेलही आहे. त्याच्या खोल्यांना खिडकी नाही, दिवा मालवला की डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही. माझ्या सासूबाईंना पहाटे चारला वाटलं, आपली दृष्टी गेली. त्यामुळे आईंच्या उशाशी टॉर्च ठेवा, आणि कुणाला बंद जागेची भीती असेल तर वरच्या खोलीत उतरा.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. हाती २० दिवस असते आणि चालवणारे दोघं असते तर कूबर पेडीला मी हो म्हटलं असतं. डिसेंबर-जानेवारी असता तर आई-बाबांना घेऊन निघूच नका म्हटलं असतं. तेव्हा पारा सहज चाळिशी ओलांडतो. आणि बाबांनी आयुष्यभर उलुरूचंच स्वप्न बघितलं असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवून विमानाची तिकिटं काढा.

मुक्काम असे धरा. डबो १, कोबार १, व्हाइट क्लिफ्स १, ब्रोकन हिल ३, पीटरबरो १, क्वॉर्न ३, ॲडलेड १. झाले ११. आजूबाजूचं फिरणं धरून अडीच हजार किमीच्या आत बसतं, आणि सर्वांत लांबचा टप्पा पहिल्याच दिवशीचा, सिडनी ते डबो, ४०० किमी. ब्रोकन हिल आणि क्वॉर्नला तीन-तीन रात्री का, तर म्हाताऱ्या माणसांना रोज बॅग भरायला लावणं हा खरा त्रास असतो; बसून प्रवास ते आनंदानं करतात.

डबोबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मोठं गाव आहे, झोपा आणि निघा. निंगनला मात्र चहाला थांबा. एप्रिल १९९०मध्ये बोगन नदीला पूर आला, बंधारे टिकले नाहीत आणि अख्खं गाव हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. त्याची आठवण म्हणून स्टेशनाजवळ एक हेलिकॉप्टर उभं केलंय. कृष्णेचा पूर बघितलेल्या माझ्यासारखीला तिथून लगेच पाय काढवत नाही. कोबार खाणीचं गाव. तिथल्या मोठ्या तांब्याच्या खाणीचं नाव सीएसए, म्हणजे कॉर्निश, स्कॉटिश, ऑस्ट्रेलियन, पहिल्या भागीदारांच्या मुलखांवरून. फोर्ट बुर्क टेकडीवरून उघडी खाण दिसते; संध्याकाळी पबमध्ये नारिंगी कपड्यांतली पाळी सुटलेली माणसं दिसतात.

कोबार ते विलकॅनिया २६० किमी, मध्ये एम्डेलचं एकटं रोडहाउस. या पट्ट्यात रानबकऱ्यांचे कळप रस्त्यालगत चरत असतात आणि मेलेल्या जनावरावर बसलेले गरुड दिसतात. हा गरुड दोन मीटरच्या वर पंख पसरतो, पण पोट भरल्यावर चटकन उडू शकत नाही. लांबून हॉर्न द्या, वेग कमी करा, त्याला उठायला वेळ द्या. काचेवर आदळला तर काच राहत नाही.

विलकॅनियाबद्दल तुम्हाला बरेच जण सांगतील, थांबू नका, दारं लॉक करून पुढे जा. मी कित्येकदा थांबलेय. १८८०च्या दशकात डार्लिंग नदीवर चालणाऱ्या वाफेच्या बोटींचं हे मोठं बंदर होतं, लोकर इथून जायची. त्या काळच्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत, आणि बोटींना वाट द्यायला मधला भाग वर उचलला जाणारा १८९६चा लोखंडी पूलही. नदीला इथले लोक बाका म्हणतात आणि स्वतःला बार्कांजी, म्हणजे नदीचे लोक. १८ वर्षं खटला चालून २०१५मध्ये कोर्टानं या भूमीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. पुलावर जा, नदीत पाणी किती आहे ते बघा, बाकावर कुणी बसलेलं असेल तर नमस्कार करा. माणसांचे फोटो न विचारता काढू नका. बस्स, एवढंच भान पुरतं.

ब्रोकन हिलला पोचलात की घड्याळ अर्धा तास मागे घ्या. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण वेळ साउथ ऑस्ट्रेलियाची, कारण जुने व्यवहार, रेल्वे, बंदर सगळं ॲडलेडकडे. १८८३मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या, कुंपणावर फिरणाऱ्या राखणदाराला इथल्या टेकडीत कथिल आहे असं वाटलं. निघालं चांदी, शिसं आणि जस्त. १८८५मध्ये निघालेली ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी म्हणजे आजची बीएचपी. ती स्वतः १९३९मध्ये इथून गेली, गाव राहिलं. रस्त्यांची नावं बघून मला तर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या तासाला बसल्यासारखं वाटतं: अर्जंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड.

गावाच्या मधोमध खाणीतल्या मातीचा काळा डोंगर आहे. त्यावर खाणकामगारांचं स्मारक आहे, ८००हून जास्त नावं, आणि नावापुढे मरणाचं कारण. दरड कोसळून. स्फोटात. शिशाच्या विषबाधेनं. तुम्ही दहा मिनिटांत खाली याल असं वाटतं, पण बाबा प्रत्येक नाव वाचत उभे राहतील. राहू द्या. हवाई रुग्णसेवेचा तळही इथं आहे; माळरानातल्या शेतावर विमानानं डॉक्टर कसा पोचतो ते दाखवतात. आईंना हे खाणीपेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज.

आणखी एक जागा नक्की बघा: गावाच्या उत्तरेला गंजक्या लाल रंगाची, पत्र्याची छोटीशी मशीद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उंटवाल्यांनी बांधलेली. रेल्वे आणि मोटारी येण्याआधी या वाळवंटात धान्य, लोकर, तारेची भेंडोळी सगळं उंटांच्या पाठीवरून जायचं. उंट आणि उंटवाले बऱ्याच वेळा कराचीच्या बंदरातून यायचे. इथं सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबीही होते. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती हे लक्षात घेतलं की पत्र्याची ती खोली आपल्याला वाटते तितकी परकी राहत नाही. ती थोडाच वेळ उघडी असते, माहिती केंद्रात वार विचारून ठेवा. पंचवीस किमीवरचं सिल्व्हर्टन हे जुनं खाणगाव एका सकाळीत होतं. तिथून थोडं पुढे मुंडी मुंडीचा कठडा आहे, समोर इतकं सपाट की क्षितिज वाकलेलं दिसतं.

आता पीटरबरो. हे नाव तुमच्या यादीत नव्हतं आणि मी ते खास घुसडलंय. एकेकाळी इथं तीन मापांचे रूळ एकत्र येत: १,०६७, १,४३५ आणि १,६०० मिलिमीटर. जुन्या इंजिनशेडचं आता संग्रहालय केलंय, फिरतं टेबल अजून आहे, आणि रात्री जुन्या डब्यात बसून प्रकाश-ध्वनीचा खेळ बघता येतो. माझे वडील मिरज जंक्शनला होते. मिरजेलाही एका काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या लागायच्या. माल एका गाडीतून दुसरीत चढवणारे हमाल, चुकलेली जोडगाडी, फलाटावर काढलेली रात्र हे सगळं त्यांच्या गोष्टींत होतं. पीटरबरोला गाइडनं तीन रूळ एका चौकात दाखवले तेव्हा मला त्याला सांगायचं होतं, हे मी लहानपणी रोज ओलांडायचे. गावाचं जुनं नाव पीटर्सबर्ग. पहिल्या महायुद्धात, १९१७मध्ये, जर्मन वाटणारी नावं बदलली तेव्हा याचंही बदललं.

पीटरबरोहून क्वॉर्नकडे जाताना तुम्ही गॉयडर रेषेच्या टापूत असता. जॉर्ज गॉयडर हा सरकारी मोजणी अधिकारी १८६५मध्ये घोड्यावरून फिरला, दुष्काळात झुडपं कुठवर तगली आहेत ते बघितलं आणि नकाशावर रेघ मारली: हिच्या उत्तरेला गहू पेरू नका. पुढची काही वर्षं पाऊस बरा झाला. लोक म्हणाले, नांगर जातो तिथं पाऊस येतो. सरकारनंही जमिनी दिल्या. मग पाऊस रेषेवर परत गेला. रस्त्याकडेला छप्पर नसलेली, धुराडं तेवढं उभं असलेली दगडी घरं दिसतील, ती त्या लोकांची. आटपाडी-जतकडचं माणूस ही रेघ बघून जास्त बोलत नाही. क्वॉर्न ते हॉकरच्या वाटेवर कन्याकाचे अवशेष आहेत. मेंढ्यांच्या त्या मोठ्या वाड्याची कंबर १८६०च्या दशकातल्या दुष्काळात मोडली.

क्वॉर्नमधून एका दिवशी फ्लिंडर्स डोंगररांगेतल्या विलपेनाला जाऊन या, जाऊन-येऊन २४० किमी, रस्ता डांबरी. पिची रिचीची वाफेची गाडी कोणत्या वारी सुटते ते आधी बघून तिकिटं काढा. रात्री गावातल्या धान्याच्या सिलोवर चित्रफीत दाखवतात, ती फुकट असते. स्वेटर, कानटोपी, घोंगडी सगळं घेऊन बसा. दिवसा ऊन कोवळं असतं, पण रात्री पारा शून्याच्या जवळ जातो.

आता तुमची तिसरी शंका, बघायचं काय. दुपारी दोन वाजता गाडीतून उतरून रस्त्यावर नजर टाकली तर काही नाही. एक पब, एक बंद बँक, एक कुत्रं. ही गावं ठिकाणांवर चालत नाहीत, वेळांवर चालतात, म्हणून तर दोन-तीन रात्री म्हणते. सकाळी सात वाजता बेकरीत जा. ट्रकवाले, शाळेची बस चालवणारी बाई, रात्रपाळीची नर्स, सगळे तिथं. दहा वाजता माहिती केंद्र उघडतं, तिथं निवृत्त माणसं फुकट काम करतात आणि त्यांना बोलायला माणूस हवं असतं. तुमच्या बाबांसारखा श्रोता त्यांना महिन्यातून एकदा मिळतो. संग्रहालयाला कुलूप असेल तर दारावर लिहिलेलं असतं, किल्ली अमक्या दुकानात. किल्ली आणायला जाणं हीच निम्मी गंमत. संध्याकाळी सहा ते आठ पबचं स्वयंपाकघर चालतं. आठ वाजून पाच मिनिटांनी गेलात तर चिप्सही मिळत नाहीत.

शनिवारी मात्र गाव मैदानावर असतं. जुलै म्हणजे फुटबॉलचा हंगाम. माणसं गाड्या मैदानाच्या कडेनं तोंड आत करून लावतात, आत बसून थर्मासमधला चहा पितात आणि गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात. नियम नाही कळला तरी चालतं. तंबूत बायका घरचे केक विकत असतात. आईंना तिथं न्या.

प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धाचं स्मारक असतं. आडनावं वाचा. एकाच आडनावाची तीन-चार नावं खाली-खाली दिसली की मग त्या गावाची लोकसंख्या विचारा. माझ्या काउंटरवर औषध न्यायला येणाऱ्या एका आजोबांचं आडनाव मी असंच त्या दगडावर पाचदा वाचलं होतं. त्यानंतर त्यांच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली आला.

गाडीचं चटकन उरकते. हा सगळा रस्ता डांबरी आहे, साधी सेडान पुरे. भाड्याचा करार मात्र नीट वाचा: बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर आणि अंधारात गावाबाहेर चालवलेल्या गाडीला विमा लागू नसतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे वेगळे पैसे लागतात, ते आधीच विचारा. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, डिकी उघडून डोळ्यांनी बघा. टाकी अर्धी झाली की भरा. ब्रोकन हिल ते युन्टा २०० किमीत फारसं काही नाही. रोडट्रेन म्हणजे एकामागे एक जोडलेले ट्रेलर, काही ५३ मीटरपर्यंत लांब, चार एसटी एका ओळीत उभ्या कराव्यात तशा. ओव्हरटेक करायला एक-दीड किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. नसेल तर मागे राहा, घाई कुणाला आहे? मोबाइलला मध्येमध्ये रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. दहा लिटर पाणी डिकीत ठेवा. आणि समोरून येणारा चालक स्टीअरिंगवरून एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. दुसऱ्या दिवसापासून बाबा बाजूच्या सीटवरून हे काम मनापासून करतील.

आता माझ्या धंद्यातलं. आई-बाबांची सगळी औषधं भारतातूनच आणायला सांगा, तीन महिन्यांपुरती चालतात, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. भारतातल्या चिठ्ठीवर मी इथं रक्तदाबाची गोळी देऊ शकत नाही, कितीही मराठीत विनंती केली तरी. आधी इथल्या डॉक्टरला दाखवावं लागतं, आणि छोट्या गावात डॉक्टरची वेळ मिळायला आठवडाही लागतो. औषधदुकानं शनिवारी दुपारी बंद होतात ती सोमवारी उघडतात. औषधांचे दोन भाग करून दोन बॅगांत ठेवा. पाहुण्यांचा आरोग्यविमा काढताना त्यात ॲम्ब्युलन्स आहे ना ते बघा.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलते. आपल्या आया प्रवासात पाणी पीत नाहीत, वाटेत संडास मिळणार नाही या धास्तीनं. इथली हवा हिवाळ्यातही कोरडी ठणठणीत असते. त्यात पाणी कमी आणि रक्तदाबाची गोळी चालू, म्हणजे तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना चक्कर. आदल्या रात्री नकाशावर विश्रांतीच्या जागा त्यांना दाखवा, कुठे संडास आहे ते सांगा. धास्ती गेली की त्या पाणी पितात.

जेवणाचं. पबमध्ये भाज्यांचा बर्गर, चिप्स, कधी पास्ता. बेकरीत भाजीची पेस्टी. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी बाबा भात मागतील. म्हणून मोटेलऐवजी कॅरॅव्हॅन पार्कमधली केबिन घ्या, तिच्यात छोटं स्वयंपाकघर असतं. बुकिंग फोनवरून करा, आणि शेगडी आहे की नुसता मायक्रोवेव्ह ते विचारा. तीन लिटरचा कुकर, तांदूळ, मूगडाळ, भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर मी दोन-दोन आठवडे काढलेत.

फक्त भाजीबाबत एक सावध सूचना. ब्रोकन हिलहून पीटरबरोला जाताना ऊड्ला विरा इथं तपासनाका लागतो. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशी येऊ नये म्हणून ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या पुढे नेता येत नाहीत, आणि लपवलं तर दंड. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं ब्रोकन हिलला अर्धा किलो हिरव्या मिरच्या आणि डझनभर लिंबं घेतली होती. नाक्यावरच्या माणसानं नम्रपणे सगळं पिंपात टाकलं. आई त्याला मराठीत म्हणाली, अरे, निदान घरी तरी ने. पुढच्या खेपेला ती तयारीनं आली होती. ब्रोकन हिलच्या केबिनमध्ये रात्री सगळ्या मिरच्या लसूण घालून तेलावर खरपूस परतल्या, वरवंटा नव्हता म्हणून वाटीच्या बुडानं रगडल्या आणि बरणी भरली. शिजवलेलं चालतं. नाक्यावर त्या माणसानं बरणीचं झाकण काढलं, वास घेतला, दोन पावलं मागे सरून खोकला आणि हातानंच खूण केली, जा.